‘स्टार ट्रेक’चा नवा भाग कसा रचावा: सीमाभागातील नवोदितांसाठी मार्गदर्शक

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही एंटरप्राइझ नावाच्या अंतराळयानाच्या सफरींची इंग्रजी मालिका लागत असे, तेव्हा बेळगावातील आमच्या शहापुरातील गल्लीत दूरचित्रवाणी संच असलेल्या मोजक्या घरांपैकी एका घराच्या सोप्यात आम्ही पंधरा-वीस मुले दाटीवाटीने बसत असू. इंग्रजी संवाद निम्म्याहून अधिक कळत नसत, आणि ज्या मुलांना घरून सोडले जात नसे त्यांना दुपारी गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे असे, त्यामुळे न कळलेली गोष्ट कळल्यासारखी सांगताना मधल्या जागा मी स्वतःच्या कल्पनेने भरत असे. पुढे अनेक वर्षांनी मूळ भाग उपशीर्षकांसह पाहिले तेव्हा लक्षात आले, की मी सांगितलेल्या कित्येक गोष्टींचा मूळ भागाशी काहीही संबंध नव्हता. नवे भाग रचण्याचा माझा प्रारंभ असा झाला.

जाणीवपूर्वक लिहायला लागलो तो उद्यमबागेतील नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. टिळकवाडीत आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो, प्रत्येकाने रचलेले कथानक ऐकतो आणि त्याची यथेच्छ चिरफाड करतो. माझी पहिली सात कथानके या बैठकीत एकामागून एक पडली. ती का पडली हे उमगायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि तो काळ तुमचा वाचावा यासाठी हे लेखन आहे. येथे केवळ मूळ मालिकेचा, म्हणजे ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या ७९ भागांचा विचार केला आहे. नंतरच्या मालिकांची रीत वेगळी आहे.

लागणारे साहित्य

फार काही लागत नाही. एक शंभर पानी वही, पोस्टकार्डाच्या आकाराचे पंचवीस-तीस कोरे कागद, मूळ मालिकेचे किमान दहा भाग पाहण्याची सोय, आणि तुमचे कथानक न कंटाळता ऐकून मग निर्दयपणे बोलणारी दोन माणसे. यांपैकी शेवटची गोष्ट मिळवणे सर्वांत अवघड असते. घरची माणसे या कामी उपयोगाची नाहीत, कारण ती एक तर कौतुक करतात किंवा जेवायला वाढू का असे विचारतात.

१. पाहताना घड्याळ जवळ ठेवा

आवडलेला एखादा भाग निवडा आणि तो दोनदा पाहा. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि दर प्रसंगाला तो कोठे घडतो, त्यात कोण आहे आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदलले, या तीनच गोष्टी लिहा. एक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा असतो. त्याची रचना एक छोटा प्रारंभ आणि त्यानंतर चार अंक अशी असते, कारण मधल्या जागी जाहिराती येत असत. प्रत्येक विरामापूर्वी प्रेक्षकाला खुर्चीत बांधून ठेवणारी काहीतरी घटना घडते. ही ठिकाणे तुम्ही स्वतः वहीत नोंदवली नाहीत, तर सातव्या टप्प्यात मी जे सांगणार आहे ते केवळ वाचून हाताला लागणार नाही.

२. ग्रह शोधू नका, पेच शोधा

नवोदिताची पहिली चूक ही असते की तो ग्रहापासून सुरुवात करतो. निळ्या झाडांचा ग्रह, उलट्या वाहणाऱ्या नद्यांचा ग्रह, तीन चंद्रांचा ग्रह अशी वर्णने चार पाने चालतात आणि मग तेथे कॅप्टन कर्कने नेमके काय करायचे हे लेखकालाच ठाऊक नसते. माझ्या पडलेल्या सात कथानकांपैकी चार या जातीची होती.

मूळ मालिकेतील चांगल्या भागांकडे पाहा. ‘द डेव्हिल इन द डार्क’ या १९६७ सालच्या भागात एका खाणीत कामगारांचे खून पाडणारा दगडासारखा प्राणी आहे, इथपर्यंत ती साधी राक्षसाची गोष्ट आहे. परंतु तो प्राणी म्हणजे आपली अंडी वाचवू पाहणारी आई आहे आणि कामगार ती अंडी निरुपयोगी गोटे समजून फोडत आले आहेत, हे यानावरील व्हल्कन ग्रहवंशीय अधिकारी स्पॉक याला कळते तेव्हा प्रश्नच बदलतो. ‘अ टेस्ट ऑफ आर्मगेडन’ या त्याच वर्षीच्या भागात दोन ग्रह शतकानुशतके संगणकावर युद्ध लढत असतात. संगणकाने ज्यांना मृत ठरवले ते नागरिक स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मृत्यूच्या कोठडीत शिरतात, आणि शहरे मात्र शाबूत राहतात. युद्ध इतके नीटनेटके केले तर ते थांबवावेसे कोणाला वाटेल, हा त्या भागाचा गाभा आहे. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मध्ये कर्कला आपल्या प्रिय स्त्रीचा जीव वाचवता येत असूनही वाचवायचा नसतो, कारण ती जगली तर इतिहासाची दिशा बदलते.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कॅप्टनपुढे चांगले आणि वाईट असे दोन पर्याय नसून दोन्ही बाजूंनी काही तरी योग्य आहे, आणि एक निवडले की दुसरे हातातून जाते. पेच म्हणजे संकट नव्हे. लघुग्रह यानावर आदळणार आहे हे संकट झाले. तो वळवायचा एवढेच उत्तर असल्यामुळे त्यात विचार करायला जागा नाही. तो वळवला तर दुसऱ्या वस्तीवर आदळेल आणि त्या वस्तीने तुम्हाला कालच मदत नाकारली आहे, असे झाले की पेच तयार होऊ लागतो. वहीत आधी पेच लिहा. ग्रहाचा रंग शेवटी ठरवला तरी चालतो.

३. आपल्या भागातील वाद उचलायचा असेल तर

आपल्या सीमाभागातील लेखकाला पेच शोधायला आकाशात जावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून, चालत आलेला सीमाप्रश्न घरोघरी आहे. पाण्याचा वाद आहे. एकाच गल्लीत दोन भाषांच्या पाट्या आहेत. कोल्हापूरला शिकून बेळगावात नोकरी करणारा आणि धारवाडला शिकून चंदगडला दुकान टाकणारा माणूस एकाच घरात जेवायला बसतो. म्हणूनच आमच्या बैठकीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचे पहिले कथानक सीमाप्रश्नावरचे असते. एक ग्रह, त्याच्या मध्यातून चुकीची रेषा ओढलेली, आणि कर्क येऊन ती पुसून टाकतो! टाळ्या भरपूर पडतात, पण कथानक उभे राहत नाही.

माझाही अपराध कमी नव्हता. खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात मांडवी होणाऱ्या म्हादईचे पाणी वळवण्यावरून जो वाद चालला आहे, तो मी ग्रहांची नावे बदलून जसाच्या तसा उचलला होता. वरचा ग्रह, खालचा ग्रह, कालवा, लवाद, सगळे होते. बैठकीतील एक निवृत्त शिक्षक शांतपणे म्हणाले, “सर, हे आम्ही सकाळीच वाचले. फक्त त्यात माणसांनी शिरस्त्राणे घातलेली नव्हती.” त्या वाक्याने मला जितके शिकवले तितके कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

मूळ मालिकाही या खड्ड्यात पडलेली आहे. ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ या १९६९ सालच्या भागात अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोन पुरुष, केवळ कोणती बाजू काळी यावरून एकमेकांचा द्वेष करतात. हेतू उत्तम आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत अर्थ कळून चुकतो आणि उरलेला वेळ प्रेक्षक लेखकाची वाट पाहत बसतो, असे माझे मत आहे.

मग करायचे काय? वाद उचलू नका. वादाच्या पोटातील एखादी बारीक, विचित्र, तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट उचला. मला ती खडेबाजारातील एका कापडाच्या दुकानात सापडली. एक कन्नडभाषक गिऱ्हाईक कापड चोळून पाहत म्हणाले, “ननग अनुमान ऐति.” दुकानातील नव्या मराठी मुलाला वाटले की हे गृहस्थ काही अंदाज, काही निष्कर्ष सांगत आहेत, म्हणून तो उत्सुकतेने पुढचे ऐकत उभा राहिला. परंतु कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका, संशय. त्यांना कापडाचा रंग जाईल अशी भीती वाटत होती. शब्द एकच, संस्कृतातून दोन्ही घरी आलेला, आणि एका घरी तो तर्क झाला तर दुसऱ्या घरी संशय. ‘अवसर’ हा शब्दही तसाच आहे. मराठीत तो संधी किंवा सवड सांगतो आणि कन्नडमध्ये घाई. कन्नडमध्ये ‘बायी’ म्हणजे तोंड, यावरून होणारे विनोद तर प्रत्येक बेळगावकराने ऐकलेले असतील.

त्या दिवशी घरी येऊन मी पाण्याचे पडलेले कथानक पुन्हा उघडले. दोन जमातींमध्ये पाण्याचा तह आहे, एवढे ठेवले. पण आता त्या तहात एक शब्द आला, जो दोन्ही भाषांत आहे. वरच्या जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मालकी’ आणि खालच्या जमातीच्या भाषेत ‘राखण’. धरणाच्या दारांवर वरच्यांची मालकी राहील, असे वरचे शंभर वर्षे समजत आले. धरणाच्या दारांची राखण वरचे करतील, असे खालचे समजत आले. दोघेही समाधानी आहेत. पुढचे सर्व टप्पे मी याच कथानकाच्या आधारे सांगणार आहे.

४. कथानक एका वाक्यात लिहा

एका कागदावर एकच वाक्य लिहा, ज्यात कोण, कशात अडकले आणि कोणतेही पाऊल उचलले तरी काय गमावेल, हे तिन्ही येईल. माझे वाक्य असे होते: “दोन जमातींमधील शंभर वर्षांची शांतता एका शब्दाच्या चुकीच्या भाषांतरावर टिकून आहे हे एंटरप्राइझच्या अचूक अनुवादयंत्रामुळे उघडकीला येते, आणि आता कर्कने सत्य वाचले तर युद्ध होईल व असत्य वाचले तर स्पॉक साक्षीला उभा आहे.”

वाक्यात ‘आणि मग’ तीनदा आले तर समजा की तुमच्याकडे घटना आहेत, कथानक नाही. हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मला त्यासाठी अकरा कागद लागले.

५. यान तेथे का आले, याला उत्तर हवे

हा टप्पा छोटा आहे पण बहुतेक जण तो विसरतात. एंटरप्राइझ सहज फिरत फिरत आले, असे लिहिले की श्रोत्याला वाटते की यान न येताही सर्व काही तसेच घडले असते. माझ्या कथानकात दरवर्षी पेरणीच्या आधी धरणाची दारे उघडतात, त्याआधी दोन्ही जमातींपुढे तहाचे वाचन करावे लागते, आणि ते वाचन पिढ्यान्पिढ्या एकाच दुभाष्या घराण्याकडे आहे. यंदा वृद्ध दुभाषी वाचता वाचता कोसळते. तिला यानाच्या रुग्णकक्षात आणतात आणि दोन्ही प्रमुख कर्कला म्हणतात की तुमच्या यंत्राला दोन्ही भाषा येतात, तेव्हा यंदा तुम्हीच वाचा. आता यान टाळता येत नाही. शिवाय दुभाषी डॉक्टर मॅकॉयची रुग्ण झाल्यामुळे ती जे सांगेल ते त्याला बाहेर बोलता येणार नाही, हा फायदा फुकटचा मिळाला.

अनुवादयंत्र मी कल्पनेतून आणलेले नाही. ‘मेटामॉर्फसिस’ या नोव्हेंबर १९६७ मधील भागात कर्क ते वापरतो. आपल्याला हवे ते उपकरण मालिकेत आधीच आहे का, हे पाहून घ्या. नवे उपकरण शोधून काढले तर त्याने कथानक सुटू देऊ नका. उपकरणाने अडचण निर्माण करावी, सोडवू नये.

६. पेच तिघांत वाटून द्या

या मालिकेचे खरे यंत्र कर्क, स्पॉक आणि मॅकॉय हे तिघे आहेत. स्पॉक तर्काच्या बाजूने बोलतो, मॅकॉय माणसाच्या जिवाच्या बाजूने, आणि दोघेही बरोबर असताना कर्कला ठरवावे लागते. माझ्या कथानकात स्पॉकचे म्हणणे, ज्या तहाचा अर्थ दोन्ही पक्षांना वेगळा कळतो तो तहच नव्हे, आणि आपण त्यात भर घालणे म्हणजे त्यांच्या जीवनात हस्तक्षेप करणे होय. मॅकॉयला दुभाषीने सांगितलेले असते की हे चुकून झालेले नाही. तिच्या पणजीने तो शब्द जाणूनबुजून निवडला होता. तो ते बोलू शकत नाही, म्हणून केवळ चिडतो. यानाची संपर्क अधिकारी उहुरा हिने चूक शोधलेली असते, त्यामुळे तिच्या मनात स्वतःच्या कौशल्याबद्दल अपराधी भाव आहे. एवढे झाले की संवाद आपोआप येऊ लागतात.

मालिकेच्या लेखकांना जी मार्गदर्शिका देण्यात येत असे, तिच्यात एक चाचणी होती. यानावर हल्ला होत आहे, सर्वांचा अंत जवळ आला आहे, आणि कॅप्टन नियंत्रणकक्षातच आपल्या तरुण सहायिकेला मिठीत घेतो. यात काय चुकले ते ओळखा. उत्तर विज्ञानाशी संबंधित नव्हते. खऱ्या युद्धनौकेचा कप्तान त्या क्षणी असे कधीच करणार नाही, हे उत्तर होते. आपल्या शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. जवळपास कोणी निवृत्त सुभेदार असतील तर त्यांना तुमचा कर्क ऐकवा. आमच्या बैठकीत एक जण आहेत, आणि “हा असा हुकूम देणारा साहेब मी पाहिलेला नाही” या त्यांच्या शेऱ्याने अनेकांचे संवाद सुधारले आहेत.

त्याच मार्गदर्शिकेतील दुसरा सल्ला असा, की पोलिसांच्या मालिकेतील अधिकारी पिस्तूल झाडण्याआधी ते कसे चालते हे समजावून सांगत नाही, तेव्हा तुमच्या पात्रांनीही फेझर या आपल्या किरणास्त्रावर व्याख्यान देऊ नये. विज्ञान शिकवणाऱ्या माणसांना हा सल्ला पाळणे फार जड जाते.

७. पाच कागद मांडा

आता कोऱ्या कागदांपैकी पाच घ्या: एक प्रारंभासाठी, चार अंकांसाठी. प्रत्येकाच्या तळाशी आधी शेवटचा प्रसंग लिहा, मग वरचे भरा. माझे कागद असे होते.

प्रारंभ: दुभाषी कोसळते, उहुरा तहाचा मजकूर यंत्रात घालते, यंत्र एका शब्दावर थांबते. ती म्हणते, “कॅप्टन, यांनी जो तह केला असे यांना वाटते, तो यांनी कधी केलेलाच नाही.”

पहिला अंक: कर्क वेळ मागतो, पण दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला वाचन झाले नाही तर दारे उघडणार नाहीत आणि खालच्यांची पेरणी बुडेल, असे ठरते.

दुसरा अंक: दुभाषी मॅकॉयला सर्व सांगते. अंकाच्या शेवटी तिची नात रुग्णकक्षाच्या दारात उभी असल्याचे दिसते. तिने ऐकलेले असते.

तिसरा अंक: खालच्या जमातीत कुजबुज पसरते, धरणापाशी हत्यारे घेऊन माणसे जमतात. यानाचा अभियंता स्कॉटी म्हणतो की यानाच्या शक्तीने दारे उघडून धरता येतील. कर्क नाकारतो. दोन्ही प्रमुख मागणी करतात की वाचन दुभाषीच करील, पण भाषांतर योग्य झाले की नाही हे खोटे न बोलण्याची ख्याती असलेला व्हल्कन सांगेल.

चौथा अंक: वाचन आणि उत्तर.

हे उत्तर शोधताना मी सर्वांत जास्त अडलो. पहिल्या खर्ड्यात मी असे दाखवले की दोन्ही जमातींना खरे आधीपासूनच ठाऊक होते आणि सर्वांनी ते सोयीने लपवले होते. मला ही कलाटणी फार हुशारीची वाटली. बैठकीत एका बाईंनी विचारले, “म्हणजे कर्क आला नसता तरी चालले असते ना?” त्या बरोबर होत्या. सगळ्यांना सर्व ठाऊक असेल तर कोणीच काही निवडत नाही. हा सापळा ध्यानात ठेवा: जी कलाटणी पेच सोडवण्याऐवजी पेच नव्हताच असे सांगते, ती श्रोत्याची फसवणूक असते.

दुसऱ्या खर्ड्यात वृद्धा वाचते, तो शब्द येतो, आणि सर्वांच्या नजरा स्पॉककडे वळतात. तो म्हणतो, “शंभर वर्षांच्या सर्व नोंदी मी तपासल्या आहेत. आजचे भाषांतर त्या प्रत्येक नोंदीशी अक्षरशः जुळते.” यात एकही शब्द खोटा नाही. दारे उघडतात. परंतु नात वृद्धेचा हात सोडून निघून जाते, ती ही विद्या शिकणार नाही, आणि पुढच्या वर्षी वाचणारे कोणी नसेल हे जाणून यान निघते. शेवटी काहीतरी गमावले गेलेच पाहिजे. तसे झाले नाही तर चौथा टप्पा पुन्हा करा.

८. खर्चाची चौकट पाळा

तुम्ही कागदावर लिहीत आहात, तेव्हा हजार यानांचा ताफा आणायला पैसे लागत नाहीत. तरीही आणू नका. ही मालिका पैशाच्या ओढाताणीतून घडली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते म्हणून माणसांना क्षणात खाली पाठवणारा ट्रान्सपोर्टर आला, आणि तोच पुढे तिची ओळख बनला. नियंत्रणकक्ष, ट्रान्सपोर्टरची खोली, रुग्णकक्ष, यंत्रकक्ष, बैठकीची खोली आणि बोळ एवढ्या जागा आणि ग्रहावरील एक-दोन ठिकाणे यांत कथानक बसवा. पाहुणी पात्रे चारपेक्षा जास्त झाली की श्रोता नावे विसरतो.

पात्रांची हजेरीही तपासा. यानाचा दिशादर्शक चेकॉव दुसऱ्या हंगामापासून आला. पहिल्या हंगामाच्या काळातील कथानकात तो दिसला तर जाणकार तुम्हाला सोडणार नाहीत. यानावर सुमारे ४३० माणसे असतात, त्यामुळे ‘यानावर दुसरा डॉक्टर नव्हता’ अशी अडचण चालणार नाही.

९. मराठीत लिहिताना तू, तुम्ही आणि आपण

इंग्रजीत एकाच सर्वनामावर भागते. मराठीत मात्र प्रत्येक संवादाला निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते हे ओझे नसून आपल्याला मिळालेले जादा हत्यार आहे. आम्ही ठरवलेली रीत अशी: नियंत्रणकक्षात कर्क स्पॉकला ‘तुम्ही’ म्हणतो, स्पॉक त्याला ‘आपण’ म्हणतो, मॅकॉय आणि कर्क एकटे असताना ‘तू’ म्हणतात, इतरांसमोर ‘तुम्ही’. मग जेव्हा केव्हा कर्क स्पॉकला ‘तू’ म्हणेल, ते संपूर्ण भागात एकदाच असावे. माझ्या कथानकात तो क्षण चौथ्या अंकानंतर येतो. “तू खोटे बोललास?” असे कर्क विचारतो, आणि स्पॉक म्हणतो, “नाही, कॅप्टन. आपण मला नेमका प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यांनीही नाही.”

परिभाषेच्या बाबतीत हट्ट नको. ट्रान्सपोर्टर, फेझर, वार्प हे शब्द तसेच ठेवा. त्यांना संस्कृत पोशाख चढवला की प्रसंग पाठ्यपुस्तकासारखा वाटू लागतो. मात्र रुग्णकक्ष, कवच, कक्षा, आज्ञा असे जे शब्द आपल्या तोंडी आहेत, ते मराठीतच शोभतात. ग्रहावरील माणसांची बोली सीमाभागातील ठेवण्याचा मोह होतो. एका पात्रापुरता तो पुरवावा, सर्व ग्रह बेळगुंदीच्या बाजारासारखा बोलू लागला की हसू येते.

१०. लिहिण्याआधी तोंडी सांगा

आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरे अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांतील कथाकथनाला मांडवातली माणसे जागची हलत नाहीत. तीच परीक्षा घ्या. पाच कागद समोर न ठेवता दहा मिनिटांत संपूर्ण कथानक सांगा आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहा. जेथे तुम्ही “थांबा, एक सांगायचे राहिले” असे म्हणाल, तेथे रचनेत भोक आहे. ती माहिती आधीच्या अंकात हलवा. जेथे ऐकणारा चहाच्या कपाकडे पाहील, तेथील प्रसंग कापा. प्रश्न विचारले गेले तर उत्तरे देऊ नका, प्रश्न वहीत लिहून घ्या.

वडगावातील एका माडीवर मी असे सांगत असताना खालच्या यंत्रमागांचा खडखडाट अचानक थांबला, वीज गेली होती, आणि नेमका तेव्हा माझा तिसरा अंक चालू होता. अंधारात कोणीच उठले नाही, यावरून तो अंक टिकला असे मी समजतो.

११. हक्क, मर्यादा आणि पुढची वाट

ही पात्रे आणि हे यान अमेरिकन कंपनीच्या मालकीचे आहे. बैठकीत वाचणे, सराव म्हणून लिहिणे वेगळे आणि पुस्तक छापून विकणे वेगळे; दुसऱ्या वाटेला परवानगीशिवाय जाऊ नका. चित्रीकरण करण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हक्कधारकांनी २०१६ साली नियम जाहीर केले आहेत. त्यांनुसार एक कथा पंधरा मिनिटांपेक्षा मोठी नसावी, दोन तुकड्यांत केली तरी एकूण तीस मिनिटांच्या आत असावी, पुढचे भाग काढू नयेत आणि त्यातून उत्पन्न घेऊ नये. चित्रीकरणाआधी ते नियम मुळातून वाचून घ्या, कारण त्यांत पोशाखांपासून शीर्षकापर्यंत बारकावे आहेत.

व्यावसायिक लेखनाची स्वप्ने पडत असतील तर आधी एवढे जाणून घ्या, की ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा १९६७ मधील गाजलेला भाग डेव्हिड जेरॉल्ड यांची विकली गेलेली पहिलीच पटकथा होती. आज ती वाट आपल्याला खुली नाही. दुसरी आहे. तुमचे कथानक पक्के झाले की त्यातून एंटरप्राइझ, कर्क, स्पॉक काढून टाका आणि त्यांच्या जागी स्वतःचे यान आणि स्वतःची माणसे बसवा. पेच खरोखर तुमचा असेल तर हे करताना फारसे काही कोसळत नाही. सर्वच कोसळले तर समजा की तुम्ही दुसऱ्याच्या पात्रांवर भार टाकून उभे होता.

असे बदललेले लेखन विज्ञानकथा म्हणून स्पर्धांना आणि दिवाळी अंकांना पाठवता येते. योगायोग असा, की ही मालिका ज्या १९६६ साली सुरू झाली त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ते जगताप म्हणजे आपल्या कोल्हापूरचे जयंत विष्णू नारळीकर, ज्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. तुमच्या-माझ्या नावाला तो धोका नाही, तेव्हा खरे नाव घालावे, पानाच्या एकाच बाजूला लिहावे, आणि पाठवण्याआधी एक प्रत घरी ठेवावी. माझ्या दुभाषीची एकमेव हस्तलिखित प्रत एका अंकाकडे पाठवून मी गमावली होती. वर दिलेले पाच कागद वहीत होते म्हणून ती पुन्हा लिहिता आली.